दलाल कोण आणि मापाडी कोण?

मार्केट यार्डात सकाळी कांद्याचा लिलाव चालू असताना तुम्ही कधी गेला आहात काय? नसाल, तर एकदा जरूर जा. तेथे शेतकऱ्याच्या वतीने माल विकणारा अडत्या म्हणजे दलाल असतो, गोणी काट्यावर चढवून वजन पुकारणारा मापाडी असतो आणि पाठीवरून गोणी वाहणारा हमाल असतो. तिघांनाही कामाचा मोबदला मिळतो. तिघांपैकी एक जरी आला नाही, तरी व्यवहार अडून राहतो. पण शेतकऱ्याचे नाव, गाव, मिळालेला भाव आणि हातात पडलेली रक्कम ही सारी माहिती एकट्या अडत्याच्या वहीत असते. मापाड्याला विचाराल, तर तो फक्त वजन सांगेल.

आता समजा, सरकारने असा नियम केला की, ‘मोबदला घेऊन मालाची विक्री घडवून आणणाऱ्या प्रत्येकाने विकणाऱ्याचे नाव, पत्ता व रक्कम कर खात्याला कळवावी.’ हेतू चांगलाच आहे. पण या वाक्याच्या जाळ्यात अडत्याबरोबर मापाडीही सापडला ना? त्याने बिचाऱ्याने काय कळवायचे?

ऑगस्ट २०२१ मध्ये अमेरिकेच्या सिनेटपुढे नेमका असाच पेच उभा राहिला. माल मात्र कांद्याचा नव्हता. तो होता बिटकॉइनसारख्या क्रिप्टोचलनांचा. या वादात मौज अशी की, एरवी एकमेकांशी क्वचितच सहमत होणारे डेमोक्रॅटिक आणि रिपब्लिकन पक्षांचे सभासद येथे मिसळून बसले होते. दोन बाजू पडल्या खऱ्या, पण त्या पक्षांच्या रेषेवर पडल्या नाहीत. तसे का झाले, हे समजून घ्यायचे तर क्रिप्टोचलनाच्या बाजारातला ‘मापाडी’ काय काम करतो, हे आधी पाहावे लागेल. ते समजण्यास आठवीचे गणित पुरे आहे. कागद-पेन्सिल मात्र जवळ असू द्या.

तुमच्या गल्लीतील वीस जणांची भिशी आहे असे समजा. नेहमीच्या भिशीत एक काकू वही ठेवतात आणि सर्वांचा त्यांच्यावर विश्वास असतो. पण या काकू बदली होऊन परगावी गेल्या आणि दुसऱ्या कोणावरही सर्वांचा विश्वास नाही. मग असे ठरले की, वीसही जणांनी आपापली वही ठेवायची. कोणी कोणाला पैसे दिले की ते मोठ्याने पुकारायचे. तेही नावाने नव्हे, तर प्रत्येकाने स्वतः निवडलेल्या क्रमांकाने: ‘४१७ ने ९३ ला ५० रुपये दिले.’ कोणता क्रमांक कोणाचा, हे ज्याचे त्यालाच ठाऊक. पुकारणारा खरोखर ४१७ च आहे, याची खात्री पटविणारी एक गणिती सही असते; तिच्या तपशिलात आज शिरावयास नको.

पण वीस वह्यांमध्ये एकच मजकूर राहील कसा? नवे पान कोणी लिहायचे आणि इतरांनी ते का मानायचे? येथे एक कोडे मदतीला येते. समजा, आजच्या पानावर ५०, ४० आणि २७ रुपयांच्या तीन नोंदी आहेत. बेरीज ११७. आता या ११७ मध्ये अशी एखादी संख्या मिळवा की, येणाऱ्या बेरजेचा वर्ग करून त्याला ९७ ने भागले असता बाकी १० पेक्षा लहान उरेल.

करून पाहा. काहीच न मिळविता ११७ चा वर्ग केला, तर बाकी १२ उरते, थोडक्यात हुकले. १ मिळवून ११८ घेतले तर बाकी ५३. पुढे ११९, १२०, १२१ अशा क्रमाने गेल्यास बाकी अनुक्रमे ९६, ४४, ९१, ४३, ९४, ५० अशी उरत जाते. शेवटी ८ मिळवून १२५ घेतले की वर्ग १५,६२५ येतो आणि ९७ ने भागून बाकी ८ उरते. जमले! नवव्या प्रयत्नात कोडे सुटले. जो हा आकडा प्रथम शोधून पुकारील, त्याचे पान खरे मानायचे आणि त्याला पाच रुपये बक्षीस द्यायचे.

या कोड्याचा गुण कोणता, ते तुमच्या ध्यानात आले असेल. शोधणाऱ्याला नऊ गुणाकार करावे लागले. ताडून पाहणाऱ्याला एकच पुरतो. शिवाय कोणी लबाडीने एका नोंदीत एकच रुपया वाढविला, तर बेरीज ११८ होईल, त्यात तेच ८ मिळविले की १२६ येतील आणि बाकी उरेल ६५. लबाडी उघडी! आणखी एक खुबी अशी की, आजची ८ ही बाकी उद्याच्या पानाच्या बेरजेत घ्यायची. उद्याच्या नोंदींची बेरीज २३६ झाली, तर कोडे २४४ या संख्येपासून सुरू करायचे. (त्यात किती मिळवावे लागतील, ते तुम्हीच काढा, पाच प्रयत्नांत सुटते.) त्यामुळे जुन्या पानावर खाडाखोड केली की पुढच्या प्रत्येक पानाचे कोडे नव्याने सोडवीत बसावे लागते. अशा रीतीने पाने एकमेकांत अडकवून जी साखळी तयार होते, तीच ब्लॉकचेन. ब्लॉक म्हणजे आपले पान.

चौकस विद्यार्थी येथे हात वर करील. ‘सर, कोणी ५० चे ४० आणि ४० चे ५० केले तर बेरीज तीच राहील!’ अगदी बरोबर. एकदम ९७ रुपये वाढविले, तरी बाकी तीच राहील. आपले खेळण्यातले गणित तेवढे कच्चे आहे. बिटकॉइनमध्ये एसएचए-२५६ नावाची फार गुंतागुंतीची कृती वापरतात. तिचे उत्तर २५६ अंकांच्या द्विमान संख्येत येते, म्हणजे शक्य उत्तरांची संख्या २ चा २५६ वा घात. पानावरचा एक स्वल्पविराम बदलला तरी सारे उत्तर पालटते आणि दोन निराळ्या पानांचे उत्तर एकच आल्याचे उदाहरण आजवर कोणाला सापडलेले नाही.

आपल्या खेळात ० ते ९६ या ९७ संख्यांपैकी १५ संख्यांच्या वर्गाची बाकी १० च्या आत येते. म्हणजे सरासरीने सहा-सात प्रयत्नांमागे एक यश. अट कडक करून बाकी २ पेक्षा लहान हवी म्हटले, तर तशा तीनच संख्या आहेत, आणि प्रयत्न बत्तीसच्या घरात जातील. बिटकॉइनमध्येही अट अशीच सैल किंवा कडक होते. दर २,०१६ पानांनंतर ती आपोआप बदलते आणि नवे पान सरासरीने दहा मिनिटांत निघेल असे पाहिले जाते. २०२५ च्या सप्टेंबरच्या सुमारास जगभरातील यंत्रे मिळून सेकंदाला सुमारे १० चा २१ वा घात इतके प्रयत्न करीत होती. दहा मिनिटांचे सेकंद ६००. गुणाकार केला तर एका पानामागे ६ गुणिले १० चा २३ वा घात! रसायनशास्त्राच्या पुस्तकात ही संख्या तुम्हाला भेटली असेल; ती ॲव्होगाड्रोची संख्या. बारा ग्रॅम कार्बनमध्ये जितके अणू, जवळजवळ तितक्या वेळा गणित चुकल्यावर बिटकॉइनच्या वहीचे एक पान भरते. यात वीज किती जळत असेल, याचा विचार तुम्ही करा. मला स्वतःला तो व्यवहार महाग वाटतो.

हे गणित करणाऱ्याला मायनर, म्हणजे खाणकामगार, असे म्हणतात. ३ जानेवारी २००९ ला पहिले पान निघाले, तेव्हा त्याला पानामागे ५० नवी नाणी मिळण्याची योजना होती. दर २,१०,००० पानांनंतर ती निम्मी होत होत एप्रिल २०२४ पासून ३.१२५ वर आली. हा झाला आपला मापाडी. त्याच्यापुढे येतात ते केवळ क्रमांक. ४१७ म्हणजे कोण, कोठे राहतो, त्याला नफा झाला की तोटा, हे त्याला ठाऊक नसते आणि कळण्याचा मार्गही नसतो.

आता पुन्हा सिनेटकडे वळू. अमेरिकेत तुम्ही शेअर विकलात की तुमचा दलाल वर्षअखेरीस १०९९ क्रमांकाच्या मालिकेतील एक फॉर्म भरून कर खात्याला कळवितो. क्रिप्टोचलनाच्या विक्रीसाठी असा स्पष्ट नियम नव्हता आणि कर बुडत होता. २०२१ मध्ये रस्ते, पूल, रेल्वे, इंटरनेट वगैरेंसाठी सुमारे एक लाख कोटी डॉलरचे एक प्रचंड विधेयक आले. त्याची पाने सत्तावीसशेहून अधिक! त्या खर्चाची काही तोंडमिळवणी व्हावी म्हणून दलालाची व्याख्या वाढविणारे एक कलम त्यात घातले गेले. दहा वर्षांत त्यातून सुमारे २,८०० कोटी डॉलर कर मिळेल, असा अंदाज होता. कलमाचा आशय असा की, मोबदला घेऊन दुसऱ्याच्या वतीने डिजिटल मालमत्तेचे हस्तांतरण घडवून आणणारी कोणतीही सेवा नियमितपणे पुरविण्यास जबाबदार असलेली कोणतीही व्यक्ती म्हणजे दलाल.

हे वाक्य सावकाश वाचा. ‘कोणतीही सेवा.’ मायनर मोबदला घेतो आणि त्याने पान भरल्याशिवाय हस्तांतरण होत नाही. मग तो दलाल झाला की नाही?

ऑरेगनचे डेमोक्रॅट सिनेटर रॉन वायडन, पेनसिल्व्हानियाचे रिपब्लिकन पॅट टूमी आणि वायोमिंगच्या रिपब्लिकन सिंथिया लुमिस यांनी दुरुस्ती सुचविली: पाने तपासून भरणारे, क्रमांकाच्या किल्ल्या जपण्याची साधने विकणारे आणि आज्ञावली लिहिणारे यांना व्याख्येतून वगळा. लगेच दुसरी दुरुस्ती आली. ती होती व्हर्जिनियाचे डेमोक्रॅट मार्क वॉर्नर, ओहायोचे रिपब्लिकन रॉब पोर्टमन आणि ॲरिझोनाच्या, त्या वेळी डेमोक्रॅट असलेल्या, कर्स्टन सिनेमा यांची. तिचा रोख असा की सूट द्या, पण थोडी, म्हणजे कर बुडविण्यास वाट राहणार नाही. पाहिलेत ना? दोन्ही गटांत दोन्ही पक्ष. वाद डावे-उजवे असा नव्हताच. यंत्राचा कोणता भाग कोणते काम करतो, एवढाच होता.

दुसऱ्या गटाने एक चूक मात्र केली. त्यांनी आधी फक्त आपल्या खेळातल्यासारखे कोडे सोडविणाऱ्यांना सूट दिली. पण पान कोणी भरायचे, हे ठरविण्याची आणखी एक रीत आहे. तीत कोडे नसते. पान भरू इच्छिणारा काही रक्कम अनामत ठेवतो, त्यांतून एकाची निवड होते आणि त्याने लबाडी केली तर अनामत जप्त होते. वीज जवळजवळ लागतच नाही. इथेरियम हे दुसऱ्या क्रमांकाचे मोठे जाळे याच रीतीकडे जाण्याच्या तयारीत होते आणि १५ सप्टेंबर २०२२ ला ते गेलेही. म्हणजे कायद्याने विजेचा डोंगर जाळणाऱ्याला सूट आणि न जाळणाऱ्याला शिक्षा दिली असती! ही गोष्ट लक्षात आणून दिल्यावर मसुदा बदलला गेला आणि ९ ऑगस्टला टूमी, लुमिस, वॉर्नर, सिनेमा आणि पोर्टमन यांनी मिळून एकच दुरुस्ती पुढे ठेवली.

मग ती मंजूर झाली असेल, असे तुम्हाला वाटेल. नाही झाली. त्या टप्प्यावर दुरुस्ती आणायची तर सभागृहात एकाचाही विरोध असता कामा नये, असा नियम होता. अलाबामाचे रिपब्लिकन रिचर्ड शेल्बी यांनी त्याच वेळी संरक्षणखात्याच्या बांधकामांसाठी ५,००० कोटी डॉलर जोडण्याची मागणी केली. तिला अपक्ष बर्नी सँडर्स यांनी हरकत घेतली. आपली मागणी गेली म्हणून शेल्बी यांनी दुसरीला हरकत घेतली आणि सारे संपले. ब्लॉकचेनशी या हरकतीचा काडीमात्र संबंध नव्हता. दुसऱ्या दिवशी विधेयक ६९ विरुद्ध ३० मतांनी मूळ व्याख्येसह संमत झाले.

प्रतिनिधिगृहात २०१६ पासून ब्लॉकचेनचा अभ्यास करणारा एक सर्वपक्षीय गट आहे. तो रिपब्लिकन मिक मुलव्हेनी आणि डेमोक्रॅट जॅरेड पोलिस यांनी स्थापिला. २०२१ मध्ये त्याचे प्रमुखपद चौघांकडे होते, दोन एका पक्षाचे आणि दोन दुसऱ्या. त्यांतील बिल फॉस्टर यांची ओळख करून देताना मला, भौतिकीचा शिक्षक म्हणून, थोडा आनंद होतो. हे गृहस्थ भौतिकीतील पीएच.डी. असून फर्मी प्रयोगशाळेत त्यांनी वीस वर्षांहून अधिक काळ काम केले. १९९५ मध्ये टॉप क्वार्क शोधणाऱ्या मोठ्या चमूत ते होते. या चौघांनी सर्व सभासदांना पत्र लिहून व्याख्येतील दोष दाखविला. पण एक शब्द बदलला तरी विधेयक सिनेटकडे परत गेले असते. ते धाडस कोणी केले नाही. १५ नोव्हेंबर २०२१ ला राष्ट्राध्यक्ष बायडन यांची सही झाली.

वर्गात हे सांगत असता एका मुलीने मला विचारले, ‘मापाड्याला नाव माहीत नसते हे ठीक, पण त्याला ते विचारून घ्यायला लावले तर?’ प्रश्न चांगला आहे. पण मार्केट यार्डातला मापाडी शेतकऱ्यासमोर उभा असतो. बिटकॉइनचा मायनर टेक्सासमध्ये आणि पैसे देणारा पुण्यात किंवा पेरूमध्ये असेल. अमेरिकेतल्या मायनरने अनोळखी नोंद नाकारली, तर दहा मिनिटांनी दुसऱ्या देशातला मायनर ती आपल्या पानात घेईल. नियम पाळणारा मायनर देश सोडील आणि कर खात्याच्या हाती काहीच लागणार नाही.

पुढे हळूहळू व्याख्येला अर्थ येत गेला. फेब्रुवारी २०२२ मध्ये अर्थखात्याने सिनेटरांना पत्राने कळविले की, मायनरला दलाल ठरविण्याचा विचार नाही. जून २०२४ मध्ये नियम आले. लोकांची नाणी स्वतःकडे ठेवणाऱ्या बाजारपेठा हे दलाल. केवळ पाने तपासून भरणारे नव्हेत. अडत्याला अडत्याची आणि मापाड्याला मापाड्याची जागा मिळाली. पण डिसेंबर २०२४ मध्ये आणखी एक नियम निघाला. ज्यांच्या संकेतस्थळावरून लोक नाणी स्वतःजवळच ठेवून परस्पर अदलाबदल करतात, तेही दलाल, असे त्यात म्हटले होते. मार्च २०२५ मध्ये प्रतिनिधिगृहाने २९२ विरुद्ध १३२ आणि सिनेटने ७० विरुद्ध २८ मतांनी तो रद्द केला आणि १० एप्रिलला राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी त्यावर सही केली. दोन्हीकडे बऱ्याच डेमोक्रॅटांनी रिपब्लिकनांना साथ दिली. येथे मात्र प्रश्न पहिल्याइतका सरळ होता, असे मला वाटत नाही. संकेतस्थळ चालविणारा मापाडी खास नव्हे. तो गाळा उघडून बसलेला माणूस आहे. कर बुडण्याची वाट पुन्हा उघडी राहिली, हा विरोधकांचा मुद्दा मला तरी उडवून लावता येत नाही.

त्याच वर्षी जुलैमध्ये स्थिर नाण्यांचा कायदा झाला. स्थिर नाणे म्हणजे ज्याची किंमत एका डॉलरला बांधलेली असते, ते. प्रत्येक नाण्यामागे तेवढी रोकड किंवा अल्प मुदतीचे सरकारी रोखे ठेवलेच पाहिजेत आणि साठ्याचा हिशेब दरमहा जाहीर केला पाहिजे, अशी त्यात अट आहे. सिनेटमध्ये ६८ विरुद्ध ३०, प्रतिनिधिगृहात ३०८ विरुद्ध १२२ अशी मते पडली. हे सारे केवळ अभ्यासामुळे घडले असे समजू नका. क्रिप्टो कंपन्यांच्या पैशावर चालणाऱ्या एका राजकीय निधीने २०२४ च्या निवडणुकांत दहा कोटी डॉलरहून अधिक रक्कम खर्च केली, आणि तीही दोन्ही पक्षांच्या उमेदवारांसाठी. मतैक्य दिसले की त्यामागे गणित किती आणि पैसा किती, हे वेगवेगळे काढून पाहावे.

आपल्याकडे २०२२ च्या अर्थसंकल्पात अशा मालमत्तेच्या नफ्यावर ३० टक्के कर बसला आणि १ जुलै २०२२ पासून व्यवहाराच्या रकमेतून एक टक्का कर कापून घेणे सुरू झाले. कापण्याची जबाबदारी प्रामुख्याने पैसे देणाऱ्यावर, म्हणजे खरेदीदारावर टाकली होती. त्यामुळे मापाडी कोण, हा वाद येथे तितका पेटला नाही.

शिक्षकांना एक सुचवावेसे वाटते. वर्गात आपल्या भिशीचा खेळ मांडा. पान भरून पाच रुपये मिळविणारी एक मुलगी, चार शेजाऱ्यांचे पैसे आपल्या डब्यात ठेवून त्यांच्या वतीने नोंदी पुकारणारा एक मुलगा, डब्यांना कुलपे करून विकणारा तिसरा आणि देणारा-घेणारा यांची गाठ पडावी म्हणून फळ्यावर जाहिराती लिहू देणारा चौथा, असे चौघे निवडा. वर्गाचे दोन पक्ष करा आणि दोघांना मिळून दलालाची एका वाक्यातील व्याख्या लिहायला सांगा. डबेवाला तीत आला पाहिजे, पान भरणारी आणि कुलूपवाला सुटले पाहिजेत. फळेवाल्याचे काय करायचे, ते मुलांनीच ठरवावे. माझ्या वर्गाला यासाठी दोन तास लागले आणि शेवटच्या मतदानात फळेवाल्यावर वर्ग निम्मा-निम्मा फुटला.